मतदारसंघाचा निवडणूक इतिहास लिहिताय? या चुका टाळा

निवडणूक जवळ आली की तालुक्याचे जुने निकाल मांडणारे लेख सुरू होतात. सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याबद्दल तर दर वेळी तेच वाक्य येतं: "गणपतराव देशमुख सलग अकरा वेळा आमदार." अकरा वेळा बरोबर आहे. सलग मात्र नाही.

१९६२ ते २०१४ या काळात विधानसभेच्या १२ सार्वत्रिक निवडणुका झाल्या. त्यातल्या १९७२ आणि १९९५ या दोन आबासाहेब, म्हणजे गणपतराव, हरले. मग उरल्या दहा. अकरावा विजय १९७४च्या पोटनिवडणुकीतला, आणि नेमका तोच सगळ्यांच्या तक्त्यातून गळतो, कारण बहुतेक जण नुसत्या सार्वत्रिक निवडणुकांची यादी उतरवतात.

एका स्मरणिकेसाठी कॉलेजच्या एका पोरानं असाच तक्ता केला होता. बेरीज दहाच्या पुढे जाईना. सगळीकडे अकरा छापलंय म्हटल्यावर त्यानं १९७२च्या रकान्यातही आबासाहेबांचंच नाव टाकलं. बेरीज जुळली, पानं छापून आली. शेकापच्या, म्हणजे आबासाहेबांच्या शेतकरी कामगार पक्षाच्या, एका जुन्या कार्यकर्त्यानं चष्मा वर सरकवला, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "त्या निकालादिवशी आमच्या घरात चूल पेटली नव्हती. आणि तुम्ही आम्हाला जिंकवलं?" सगळ्या प्रतींवर चिठ्ठ्या चिकटवाव्या लागल्या. पोरगं हुशार होतं, पण घाईत होतं. आकडा जुळत नसेल तर तिथंच थांबायचं असतं. तिथंच काहीतरी सापडतं. मी तेव्हापासून पोटनिवडणुकांचा रकाना आधी आखतो आणि मग बाकीचा तक्ता भरतो.

आणि हरलेल्या निवडणुका झाकू नका हो. १९९५ला शहाजीबापू पाटलांनी आबासाहेबांना हरवलं ते अवघ्या १९२ मतांनी. २०१९ला तेच शहाजीबापू आबासाहेबांचे नातू अनिकेत यांच्याविरुद्ध ७६८ मतांनी निवडून आले. सांगोला हा एका माणसाचा बालेकिल्ला होता म्हणून तिथं चुरस नव्हती, असं लिहिणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून बघावेत.

सर्वाधिक वेळा आमदार होण्याचा "देशातला विक्रम" हे दुसरं लाडकं वाक्य. केरळात के. एम. मणी एकट्या पाला मतदारसंघातून १३ वेळा निवडून आले होते. आबासाहेबांचं मोठेपण विक्रमावर अवलंबून नाही. दुष्काळी पट्ट्यात, काँग्रेसची लाट असो वा भाजपची, एकाच पक्षात राहून ५० वर्षांहून जास्त आमदारकी केली, एवढं लिहिलं तरी पुरे आहे.

पक्ष लिहिताना त्या वर्षीचाच लिहा. शहाजीबापू १९९५ला काँग्रेसचे, २०१९ला अखंड शिवसेनेचे, २०२४ला शिंदेंच्या शिवसेनेचे उमेदवार. आजचा पक्ष मागच्या सगळ्या निकालांना चिकटवला की तक्ता खोटा झाला. २०२४ला तर दोन्ही शिवसेनांचे उमेदवार समोरासमोर होते, तिथं नुसतं "शिवसेना" लिहून भागत नाही. त्या निवडणुकीत शेकापचे बाबासाहेब देशमुख जिंकले. अनिकेत आणि बाबासाहेब हे दोघे वेगळे नातू; त्यांचीही अदलाबदल सर्रास दिसते.

बाकीच्या चुका थोडक्यात.

दर पाच वर्षांनी निवडणूक झाली असं धरून चालू नका. आणीबाणीमुळे १९७२नंतरची निवडणूक १९७८ला झाली, आणि पुढची लगेच १९८०ला.

तालुका म्हणजे मतदारसंघ नव्हे. सध्याच्या सांगोला मतदारसंघात पंढरपूर तालुक्यातलीही काही गावं आहेत. मतदारसंघांच्या हद्दी नव्यानं आखल्या त्या पुनर्रचनेनंतरची पहिली विधानसभा निवडणूक २००९ची, म्हणून मी तिथं तक्त्यात जाड रेघ ओढतो आणि गावनिहाय तुलना रेघेपलीकडे नेत नाही.

१९५२ आणि १९५७ला काही मतदारसंघ दुहेरी होते, म्हणजे एकाच मतदारसंघातून दोन जण निवडून यायचे. तिथं एका मतदाराला दोन मतं होती, त्यामुळे नेहमीच्या पद्धतीनं टक्केवारी काढू नका.

झालेलं मतदान आणि वैध मतं यांत गल्लत नको. मतपत्रिकेच्या काळात बाद मतं किती, ते बघायलाच हवं. १९२ मतांचा निकाल असेल तर मी आधी तोच रकाना शोधतो.