घडीव दगडाच्या जोत्यात सिमेंट भरू नका

जुन्या वाड्याचं जोतं ताशीव काळ्या दगडाचं असेल आणि दरजांतला चुना झडत असेल, तर गवंडी हमखास सिमेंट सुचवतो. ऐकू नका. भिंतीतली ओल चुन्यातून बाहेर पडते. सिमेंट ती कोंडतं. मग ती वर चढते आणि जोत्यावरच्या विटा-मातीची भिंत फुगते. कोकणातल्या जांभ्याच्या चिऱ्यांना तर हा त्रास जास्तच, कारण तो दगड मऊ.

सैल चुना अरुंद छिन्नीने हातानेच उकरा. ग्राइंडर लावलात की चिऱ्याची धार गेलीच, आणि पाथरवटाने टाकीने काढलेली ती सरळ कड परत येत नाही! खोली दरजेच्या रुंदीच्या दुप्पट तरी हवी. धूळ झटका, पाणी मारा, मग १ भाग चुना आणि ३ भाग चाळलेली वाळू घट्ट मळून दाबून भरा. दगडावर माल पसरू देऊ नका. आठवडाभर ओलं गोणपाट लावून ठेवा.

दगडांत मुळात चुनाच नसेल, हेमाडपंती देवळांसारखे ते नुसते एकमेकांवर चपखल बसवलेले असतील, तर तिथे काहीच भरू नका.