आठ फुटी फळीवर मालगाड्यांचं यार्ड: आधी नेक, मग लाइनी

मॉडेल रेल्वेचं यार्ड आखायला बसलेला माणूस सगळ्यात आधी लाइनी मोजतो. मीही मोजल्या होत्या. आठ फुटी प्लायवर सहा लाइनी बसवल्या, चाळीसच्या वर वॅगन उभ्या राहिल्या, बघणारे वाहवा करून गेले. मग एका रविवारी शंटिंग करायला, म्हणजे वॅगन तोडून-जोडून एका लाइनीवरून दुसरीवर न्यायला बसलो आणि लक्षात आलं, की इंजिनाला वॅगन ओढून मागे यायला जी जागा लागते, म्हणजे नेक, ती 45 सेंटिमीटरच ठेवली आहे. तेवढ्यात एक इंजिन आणि दीड वॅगन मावते. ते यार्ड नव्हतंच, वॅगनचं शोकेस होतं. दोन वर्षांनी सगळं उपटलं.

खालची सगळी मापं एचओची, म्हणजे 1:87 ची, खऱ्याच्या 87 व्या हिश्शाची आहेत. त्याहून लहान एन स्केलवाल्यांनी (1:160) सरळ 0.54 ने गुणावं, पण पॉइंटची, म्हणजे एका रुळातून दुसरा रूळ फुटतो त्या तुकड्याची मापं मात्र स्वतः घ्यावी.

यार्ड कशासाठी, हे आधी ठरवा

आजच्या भारतीय रेल्वेवर माल बहुतेक अख्ख्या रेकने, म्हणजे न तोडता एकाच जागी जाणाऱ्या गाडीने जातो. कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांकडे कोळसा नेणारा बॉक्सएन (उघड्या वॅगनचा) रेक 58 वॅगनचा धरला, तर एचओमध्ये एक वॅगन साधारण 12.3 सेंटिमीटर, म्हणजे रेक सात मीटरच्या वर. नागपूरच्या कोणत्या फ्लॅटमध्ये बसवणार तो? तेव्हा एकतर मालधक्का करा: दोन-तीन लाइनी, शेड, सिमेंटची पोती, ट्रक. नाहीतर काळ मागे न्या, चारचाकी बंद डब्यांचा, जेव्हा गाड्या खरंच तोडून जोडल्या जायच्या. दोन्ही छान दिसतात. आधुनिक रेक तोडणारं यार्ड मात्र धड इकडचं होत नाही, धड तिकडचं.

आणि हंप यार्डच्या, म्हणजे उंचवट्यावरून वॅगन घरंगळत सोडायच्या यार्डच्या नादी लागू नका. शंभर ग्रॅमची वॅगन उतारावरून एकतर अर्ध्यात थांबते, नाहीतर पुढच्या वॅगनवर जाऊन आपटते.

गेजवरून, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतरावरून कुणी वाद घातला तर चहा पाजून घरी पाठवा. ब्रॉडगेज 1676 मिलिमीटर, 87 ने भागलं की 19.3 येतात, बाजारातला एचओ रूळ 16.5 चा. फरक आहे, डोळ्याला आठवड्याने सवय होते. उलट आपल्या जुन्या छिंदवाडा लाइनचं नॅरोगेज 762 मिलिमीटरचं, भागून जवळपास 9 मिलिमीटर येतं, म्हणजे एन स्केलचा तयार रूळ चालतो. नागपुरातलं मोतीबागेचं नॅरोगेज संग्रहालय पाहून आल्यावर यार्डाच्या कडेला एक नॅरोगेज लाइन टाकायचा मोह होणारच. टाका.

आता अवघड भाग

मेन लाइनवरून निघालेली, एकामागून एक पॉइंट लावलेली तिरकी लाइन म्हणजे शिडी. शिडीच्या अलीकडे, इंजिन वॅगन ओढून जिथे मागे येतं, तो शंटिंग नेक. सगळे सल्ले शिडीबद्दल असतात, नेकबद्दल कुणी बोलत नाही. पण यार्ड चालतं ते नेकवर. नेकमध्ये जेवढ्या वॅगन मावतात, तेवढ्याच एका खेपेला हलतात. बाकी लाइन कितीही लांब असो.

मी पेको या रूळ बनवणाऱ्या कंपनीचे मध्यम पॉइंट वापरतो. लांबी 219 मिलिमीटर, कोन 12 अंश. शेजारच्या दोन लाइनींत 50 मिलिमीटर अंतर धरलं, तर प्रत्येक वाढीव लाइनीमागे शिडी 23.5 सेंटिमीटर पुढे सरकते. म्हणजे जवळजवळ दोन वॅगन. एक लाइन वाढवलीत की दोन वॅगनची लांबी गेली. हे मला सहा लाइनी ठोकून झाल्यावर कळलं.

आता 244 सेंटिमीटरच्या फळीवर हिशेब लावा. चार लाइनी हव्यात, तर तीन पॉइंटची शिडी 69 सेंटिमीटर खाते. शेवटच्या पॉइंटपुढे दोन लाइनी एकमेकींपासून पुरेशा लांब जाईपर्यंत आणखी 10 जातात, लाइनीच्या टोकाच्या बफरला (अडथळ्याला) 3. नेकला 86 ठेवले, तर 24 सेंटिमीटरचं इंजिन आणि जेमतेम पाच वॅगन. उरलेल्या जागेत सगळ्यात आखूड दोन लाइनींत सहा-सहा वॅगन, मग आठ, मग दहा. म्हणजे दहाची लाइन रिकामी करायला दोन खेपा, आणि पाचवी वॅगन नेकच्या टोकाला टेकलेली.

त्यातली एक लाइन काढा. वाचलेले 23.5 सेंटिमीटर सगळेच्या सगळे नेकला द्या. नेक 1 मीटर 10 च्या आसपास जातो, इंजिन आणि सहा वॅगन आरामात बसतात, बोटभर जागा उरते. लाइनी राहिल्या सहा, सहा आणि आठच्या. दिसायला यार्ड लहान, पण चालवायला बसाल तर तास कसा गेला कळणार नाही. माझं आताचं यार्ड हेच आहे. मित्र येऊन म्हणतात, "भाऊ, अजून दोन लाइनी बसल्या असत्या की." मी काही बोलत नाही, कंट्रोलर त्यांच्या हातात देतो.

नेक मेन लाइनपासून वेगळा हवा. मेन लाइनच नेक म्हणून वापरली, तर गाडी आली की शंटिंग बंद.

कागदावर पेन्सिलने रेघा मारून यार्ड आखू नका. पेन्सिलीचा पॉइंट नेहमी खऱ्यापेक्षा आखूड निघतो. पेको पॉइंटचे खऱ्या मापाचे आराखडे देते, ते छापा, पण छपाई 100 टक्क्यांवर ठेवा. प्रिंटर पानात बसवायला चित्र गुपचूप लहान करतो. छापून झालं की पट्टी लावून 219 भरतात का बघा. माझी एक अख्खी शिडी या प्रिंटरपायी चुकली होती.

जागा वाचते म्हणून 22.5 अंशांचे खेळण्यातले पॉइंट घेऊ नका. ओढताना ते चालतात. यार्डात मात्र अर्धं काम ढकलायचं असतं, आणि लांब बोगीच्या वॅगन ढकलताना तिथेच रुळावरून उतरतात. एका वळणातून थेट उलट वळणात जाणारा रूळही तेच करतो. मध्ये निदान एका वॅगनइतका सरळ तुकडा टाका.

फाउलिंग मार्क, म्हणजे ज्याच्या पुढे वॅगन उभी केली तर शेजारच्या लाइनीवरच्या गाडीला लागेल ती खूण, अंदाजाने लावायचा नाही. एका लाइनीवर वॅगन उभी करा, शेजारच्या लाइनीवरून दुसरी हाताने ढकला. दोघींमध्ये करंगळी जाईल तिथे पांढरी खूण. त्याच्या अलीकडची जागा लाइनीच्या लांबीत धरायची नाही. ती धरून केलेला हिशेब पहिल्याच संध्याकाळी फसतो.

आणि आपण नागपूरचे, तिथलं डायमंड क्रॉसिंग (दोन लाइनी एकमेकींना छेदतात ती जागा) प्रसिद्ध, म्हणून यार्डातही ते हवंच, असं सुचवणारे भेटतील. काही गरज नाही. धूळ, शॉर्ट आणि अडकलेली चाकं यापलीकडे त्यातून काही मिळत नाही.

फळी सपाट हवी

खऱ्या रेल्वेत यार्डाचा चढ 1:400 पेक्षा तीव्र नसावा असा दंडक आहे, आणि शिफारस 1:1200 ची. आपल्या आठ फुटांत 1:1200 म्हणजे 2 मिलिमीटर. गवंड्याची स्पिरिट लेव्हल लावा, आडवी आणि उभी.

यात नागपूरची एक खास अडचण आहे, ती म्हणजे कूलर. मे महिन्यात पारा 45 वर, खोलीत कूलर चालू, आणि त्याची ओली हवा थेट फळीच्या एका टोकाला. माझी 12 एमएमची प्लाय महिन्याभरात तिकडून फुगून वाकली, आणि सोडून दिलेल्या वॅगन आपोआप एका कोपऱ्यात जमायला लागल्या. प्लायला दोन्ही बाजूंनी आणि विशेषतः कडांना रंग मारा, खालून दर 40 सेंटिमीटरला आडवी पट्टी द्या, कूलरचं तोंड दुसरीकडे फिरवा. डिसेंबरात रूळ टाकत असाल तर सांध्यांत अर्धा मिलिमीटर फट सोडा.

बाकीचं सोपं

प्रत्येक लाइनीला वेगळा स्विच, म्हणजे एक इंजिन उभं ठेवून दुसरं चालवता येतं.

यार्डाची खोली 45 सेंटिमीटरच्या आत. हात पलीकडे पोचला पाहिजे, आणि अलीकडची झाडं मोडता कामा नयेत.

कपलिंग (वॅगन जोडणारा हुक) सोडवायला बांबूची काडी. चुंबकं महाग आणि चुकीच्या जागी हमखास बसतात.

डिंक आणि खडी शेवटी. आधी सगळे रूळ टाचण्यांवर ठेवून पंधरा दिवस रोज शंटिंग करा, सगळ्यात लांब आणि सगळ्यात हलकी वॅगन घेऊन, ओढत आणि ढकलत. जिथे ती उतरेल तिथे खडूने खूण करा. एकाच पॉइंटवर तीन खुणा झाल्या तर तो पॉइंट उचला, खालची प्लाय तपासा, आणि मगच डिंकाची बाटली उघडा.