प्रवाळभिंतीवर उतरण्याआधी शिसे तपासा

गेल्या जानेवारीत अंदमानातील स्वराज द्वीपाजवळच्या प्रवाळभिंतीवरून स्कूबा बुडी संपवून वर येताना ५ मीटर खोलीवरचा ३ मिनिटांचा सुरक्षा-थांबा मला पाळता आला नाही. सिलिंडरमधील हवा संपत आली, अंग हलके झाले आणि मी बुचासारखा वर फेकला गेलो. लातूरच्या तलावात, गोड्या पाण्यात, अंग तरंगू नये म्हणून ठरवलेले शिशाचे वजन मी तसेच समुद्रात कमरेला बांधले होते. म्हणून मराठवाड्यातून जाणाऱ्या प्रत्येकाला कळकळीची विनंती आहे की वजन खाऱ्या पाण्यातच ठरवावे.

समुद्राचे पाणी सुमारे अडीच टक्के जड असल्याने तलावात पुरलेल्या वजनात साधारण २ किलोंची भर लागते. त्यातच ११ लिटरचा सिलिंडर २०० बारवरून (बार हे हवेच्या दाबाचे एकक) ५० बारवर येईपर्यंत हवेचे आणखी २ किलो कमी होतात. त्यामुळे भरल्या सिलिंडरने केलेली तपासणी पुरेशी मानू नये. ५० बार उरलेले असताना, उथळ खाऱ्या पाण्यात पुन्हा तपासावे. मात्र अंदाजाने जास्तीचे शिसे बांधू नये, कारण विहिरीला तळ असतो, भिंतीखाली आपल्या आवाक्यातला तळ नसतो.

ऋतूप्रमाणेही हा हिशेब बदलतो. जानेवारीत थंडी वाजते म्हणून बुडीचा जाड सूट घेतला की तो जास्त तरंगवतो. एप्रिलमध्ये पातळ सूट घातला की तेच वजन जास्त होते. सूट बदलला, वजन पुन्हा तपासा. मेच्या उत्तरार्धात मोसमी पाऊस अंदमानात पोहोचतो आणि समुद्र खवळतो, ऑक्टोबर-नोव्हेंबरात बंगालच्या उपसागरात चक्रीवादळांचे भय असते. तेव्हा हट्ट करू नये. उन्हाळ्यात पाणी तापते, २०१० मध्ये तिथले प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले होते. अशा प्रवाळाला पायातल्या फिन्सचा धक्काही लागू देऊ नका, आणि तेही वजन नेमके असेल तरच साधते.

प्रमाणपत्र, वैद्यकीय अर्ज आणि मास्क घ्यालच. सर्दी असेल तर उतरू नका, कान मोकळे होत नाहीत. प्राथमिक प्रमाणपत्रावर १८ मीटरची मर्यादा आहे; स्वच्छ पाण्यात खोली फसवते, मनगटावरचा, खोली दाखवणारा डाइव्ह कॉम्प्युटर सतत पाहावा.

शेवटच्या बुडीनंतर विमानाआधी किमान १८ तास ठेवावेत. वहीत सूट, सिलिंडर आणि शिसे त्याच दिवशी लिहावे.