खरिपात तणनाशक निवडताना: गोव्यातल्या भातशेत, खाजन, कुळागर आणि काजू बागेसाठी सल्ला

तणनाशक आणायला दुकानात जाण्याआधी शेतात उतरा आणि चार-पाच ठिकाणचे तण मुळासकट उपटून हातात घ्या. देठ बोटांत फिरवून बघा. तीन कडा लागल्या तर तो लव्हाळ्याच्या जातीचा. देठ गोल आणि पेर असलेला, तर गवत. पान रुंद आणि शिरांची जाळी असलेले, जसा माका किंवा आंबोशी, तर रुंद पानाचे तण. या तिघांची औषधे वेगवेगळी. दुकानात जाऊन नुसते 'गवत मारायचे औषध द्या' म्हटले की जी बाटली हातात पडते, ती बहुतेक वेळा तुमच्या शेतातल्या तणाची नसते.

पाखड हे गवत आणि भात कोवळेपणी सारखेच दिसतात, तेव्हा पान खोडाला जिथे बिलगते तो सांधा उलगडून बघा. भाताच्या सांध्यावर पांढरी पातळ जीभ असते आणि दोन बाजूंना केसाळ कान असतात. पाखडाला जीभही नाही आणि कानही नाहीत, सांधा साफ असतो. रानभात मात्र भाताचाच भाऊ, त्याचाही सांधा तसाच. भात राखून फक्त रानभात मारणारे औषध साध्या भातजातींसाठी उपलब्ध नाही. ज्या शेतात रानभात माजला आहे तिथे पहिल्या पावसावर तो उगवू द्या, नांगरून चिखलात गाडा, आठ-दहा दिवस थांबून पुन्हा चिखलणी करा आणि मग ओळीत लावणी करा. ओळीबाहेर उगवलेले रोप उघड दिसते आणि निसवण्याआधी उपटता येते. बी मात्र स्वच्छ हवे. घरच्या बियाण्यात लाल दाण्याची भेसळ असेल तर पुढचे सगळे श्रम वाया जातात.

भातासाठी कुठले औषध, कधी

लावणीच्या भातात प्रेटिलाक्लोर ५० टक्के ईसी (पाण्यात मिसळायचे तेलकट द्रावण) हे पहिले नाव. हेक्टरी १ ते १.५ लिटर, लावणीनंतर तीन दिवसांत, उशिरात उशिरा पाचव्या दिवसापर्यंत. हे उगवलेले तण मारत नाही, उगवू पाहणारे कोंब मारते. म्हणून हिरवे दिसू लागल्यावर मारणे म्हणजे पैसे पाण्यात. शेतात दोन ते चार सेंटिमीटर पाणी हवे आणि ते तीन-चार दिवस हलता कामा नये. मेरेला, म्हणजे खाचराच्या कडेच्या बांधाला, खेकड्यांची बिळे असतील तर ती आधी बुजवा. पाणी झिरपले की औषधाचा थर तुटतो आणि जिथे जमीन उघडी पडली नेमके तिथेच पाखड उठते.

मोड आलेले बी फेकून पेरणी करणाऱ्यांनी इथे फार जपावे. साधे ५० टक्क्यांचे प्रेटिलाक्लोर उगवत्या भातालाही धरते. पेरणीच्या भातासाठी आणि तरव्यासाठी (रोपवाटिकेसाठी) ३० टक्क्यांच्या आसपासचे, पिकाला वाचवणारे संरक्षक द्रव्य मिसळलेले प्रेटिलाक्लोर वेगळे मिळते. ते हेक्टरी दीड ते दोन लिटर लागते. बाटलीवर दोन्हींचे नाव प्रेटिलाक्लोरच असते, म्हणून टक्केवारी आणि 'पेरणीचे भात' हे शब्द लेबलवर स्वतः वाचा. फवारताना जमीन ओली चिंब असावी, पण बियाण्यावर पाणी साचलेले नसावे.

आषाढात आपल्याकडे फवारणीला कोरडी वेळ मिळणेच कठीण. अशा वेळी बेनसल्फ्युरॉन मिथाइल ०.६ टक्के आणि प्रेटिलाक्लोर ६ टक्के असे मिश्रण दाणेदार स्वरूपात मिळते, ते सोयीचे. हेक्टरी १० किलो, लावणीनंतर तीन दिवसांत, कोरड्या वाळूत मिसळून साचलेल्या पाण्यात सारखे फेकायचे. पंप नको, पानावर वाळायची वाट बघणे नको. गवत, लव्हाळा आणि रुंद पाने, तिघांनाही ते आवरते. लहान खाचरांच्या शेतकऱ्याने पहिली पसंती यालाच द्यावी. मात्र मेरेवरून पाणी वाहून जाईल असा मुसळधार पाऊस समोर दिसत असेल तर एक दिवस थांबा.

पहिली खेप चुकली आणि तण उगवले, तर बिस्पायरिबॅक सोडियम १० टक्के एससी (दाट पातळ औषध), हेक्टरी २०० ते २५० मिली. तण तीन-चार पानांवर असताना, म्हणजे पेरणीच्या भातात साधारण १५ ते २५ दिवसांच्या दरम्यान. लावणीच्या भातात त्याआधीच, १० ते १४ दिवसांच्या आसपास. हे पानातून आत शिरते, म्हणून आदल्या दिवशी पाणी काढून तणाची पाने उघडी करायला हवीत. फवारल्यावर किमान सहा तास पाऊस नको. दोन-तीन दिवसांत पुन्हा पाणी घेऊन आठवडाभर तीन-चार सेंटिमीटर राखा. ही शेवटची पायरी बरेच जण गाळतात आणि मग औषध बोगस निघाले म्हणतात. पाणी परत घेतले नाही की नवे बी उगवते, औषधाने मेलेले तण परत आल्यासारखे वाटते. भात दोन-चार दिवस जरा पिवळा पडला तर घाबरू नका, तो सावरतो.

बिस्पायरिबॅक पाखडावर उत्तम चालते, पण लालसर नाजूक तुऱ्याचे लेप्टोक्लोआ गवत त्याला दाद देत नाही. तिथे सायहॅलोफॉप ब्युटाइल १० टक्के ईसी हेक्टरी ७५० ते ८०० मिली. ते फक्त गवत मारते, लव्हाळा आणि रुंद पाने तशीच राहतात. त्यांच्यासाठी मेटसल्फ्युरॉन मिथाइल आणि क्लोरिम्युरॉन इथाइल यांची १० अधिक १० टक्के पावडर, हेक्टरी फक्त २० ग्रॅम. ही दोन एका पंपात एकत्र करू नका, गवतावरचा परिणाम कमी होतो. आधी सायहॅलोफॉप, आठवड्याने दुसरे.

एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. बिस्पायरिबॅक, पेनॉक्सुलम, पायराझोसल्फ्युरॉन, बेनसल्फ्युरॉन, मेटसल्फ्युरॉन ही सगळी वनस्पतीतल्या एकाच विकरावर (एन्झाइमवर) काम करतात. यंदा एक आणि पुढच्या वर्षी त्यातलेच दुसरे घेतले तर औषध बदलले असे होत नाही, फक्त बाटली बदलली. सतत तेच केले की न मरणारे तण निवडले जाऊन वाढत जाते. एका वर्षाआड प्रेटिलाक्लोर किंवा सायहॅलोफॉपवर भर द्या. ओळीतल्या लावणीत कोनोवीडर (ओळींमधले तण चिखलात गाडणारे हातयंत्र) लावणीनंतर पंधरा-वीस दिवसांनी एकदा आणि पुढे दहा दिवसांनी पुन्हा फिरवा.

चौरस मीटरचा हिशेब

लेबलवरचे प्रमाण हेक्टरी किंवा एकरी लिहिलेले असते, आणि आपल्या फॉर्म एक-चौदावर (जमिनीच्या नोंदीच्या उताऱ्यावर) क्षेत्र चौरस मीटरमध्ये. गोव्यात औषध कमी-जास्त पडण्याचे मोठे कारण हेच. हिशेब सोपा आहे: हेक्टरी प्रमाणाला तुमच्या चौरस मीटरने गुणा आणि १०,००० ने भागा. १,५०० चौरस मीटरच्या शेताला प्रेटिलाक्लोर सव्वा लिटरच्या दराने १८७ मिली, दाणेदार मिश्रण दीड किलो, बिस्पायरिबॅक २५० च्या दराने ३७.५ मिली. बिस्पायरिबॅकला हेक्टरी ३०० लिटर पाणी धरले तर या शेताला ४५ लिटर, म्हणजे १५ लिटरचे तीन पंप, दर पंपाला साडेबारा मिली. हे टोपणाने मोजता येत नाही. दहा मिलीची सुई नसलेली सिरिंज घ्या आणि ती याच कामाला ठेवा.

मेटसल्फ्युरॉनच्या मिश्रणाची तर या शेताला तीनच ग्रॅम पावडर लागते. एकराची ८ ग्रॅमची पुडी ८०० मिली स्वच्छ पाण्यात विरघळवा, म्हणजे १०० मिलीत एक ग्रॅम आले. त्यातले ३०० मिली तीन पंपांत वाटून घाला आणि पुडीसोबत सांगितलेले चिकटद्रव्यही घाला. उरलेले द्रावण ठेवून उपयोग नाही, त्याची ताकद उतरते. शेजारच्या दोन शेतकऱ्यांनी मिळून एकाच दिवशी मारावे.

तुमच्या चालीने पाणी किती जाते हेही एकदा मोजा. दहा मीटर बाय दहा मीटरचा चौकोन आखून साध्या पाण्याने फवारा आणि किती पाणी संपले ते बघा. तीन लिटर संपले तर हेक्टरी ३०० लिटरचा वेग बरोबर. पाच संपले तर पंपात औषध त्या मानाने कमी घालावे लागेल, नाहीतर भाताला दीडपटीहून जास्त मात्रा बसेल. नोझल चपट्या पंख्याचे किंवा पूरफवाऱ्याचे घ्या. कीटकनाशकाचे गोल धुक्याचे नोझल तणनाशकाला नको, बारीक थेंब वाऱ्यावर शेजारच्या मिरची-भेंडीवर जातात. रुंद पानांची तणे मारणारे २,४-डी फवारताना हा धोका सर्वात मोठा. त्याचा अंश पंपात राहिला तरी पुढच्या फवारणीत वांगी-भेंडीची पाने आक्रसून वाकडी होतात. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवणे हा यावरचा खरा इलाज.

खाजन, मेर, कुळागर

खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात, तणनाशकाचा विचार करताना मानशीकडे (खाडीकडे पाणी सोडायच्या दाराकडे) आधी बघा. प्रेटिलाक्लोर आणि ब्युटाक्लोर दोन्ही माशांना घातक आहेत. औषध पडल्यावर ओहोटीला मानस उघडली तर ते पाणी थेट खाडीत उतरते आणि मासे-कोळंबीवर जगणाऱ्या घरांचे नुकसान होते. शेत चारी बाजूंनी बांधून किमान आठवडाभर पाणी धरून ठेवता येत नसेल, तर तिथे औषध मारूच नका, हाताने बेणणी करा. शेजाऱ्याचे शेत पलीकडे असेल तर त्याला आधी सांगा.

मेरेवर आणि बांधावर सगळे जाळणारे औषध मारायची सवय वाढली आहे. ती सोडावी. मेरेची माती गवताच्या मुळांनी धरलेली असते. ती मुळे मेली की आषाढातल्या एका झडीत मेर ढासळते, आणि ती पुन्हा बांधायची मजुरी गवत कापण्याच्या मजुरीहून कितीतरी जास्त. मेर कोयत्याने किंवा यंत्राने चार बोटे उंची राखून कापा.

कुळागरात, म्हणजे पोफळीच्या मिश्र बागेत, तणनाशक नकोच, असे आमचे स्पष्ट मत आहे. पोफळीची मुळे वरच्या थरातच पसरलेली असतात, तिच्या अंगावर मिरवेल, खाली केळ, हळद, आले. यातले काय वाचेल आणि काय मरेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही. शिवाय पाटाचे पाणी एका कुळागरातून दुसऱ्यात जाते. गवत कापून तिथेच आच्छादन करा, नारळाची सोडणे आळ्यात उपडी घाला, झावळ्या पसरा. खोल कुदळणीही टाळा, त्याच वरच्या मुळांना इजा होते.

काजू बागेत कारण आणखी वेगळे आहे. फेब्रुवारी ते मे बोंडू जमिनीवर पडतात आणि तिथून उचलून मळून त्यांचाच रस हुर्राक-फेणीसाठी जातो. ज्या जमिनीवरून खाण्या-पिण्याचे फळ उचलायचे, तिथे औषध मारणे योग्य नाही. दुसरे म्हणजे, औषधाने मेलेले गवत उभ्या उभ्या वाळते आणि फाल्गुन-चैत्रात वणव्याला आयते जळण होते. मार्च २०२३ मध्ये म्हादईच्या परिसरात लागलेल्या आगी सत्तरीचे बागायतदार विसरलेले नाहीत. गवत कापून जमिनीवर बसवा. पहिली कापणी सप्टेंबरअखेर, बी धरण्याआधी, दुसरी डिसेंबर-जानेवारीत, काजू पडायच्या अगोदर. रानमोडीचे झुडूप पावसात माती मऊ असतानाच मुळासकट ओढा. हिवाळ्यात त्याला फुले येतात, त्यानंतर हात लावला तर बी वाऱ्यावर जाते. कोवळ्या कलमाभोवती एक मीटरपर्यंत यंत्र नेऊ नका, नायलॉनची दोरी साल सोलते आणि कलम वाळते. तेवढी जागा हाताने साफ करा. कृषी कार्ड असेल तर गवतकापणी यंत्रावरच्या अनुदानाची चौकशी तुमच्या विभागीय कृषी कार्यालयात करा.

ग्लायफोसेट आणि पॅराक्वाट

ग्लायफोसेट या सगळे तण मारणाऱ्या औषधाची नोंदणी आपल्या देशात चहाचे मळे आणि पीक नसलेल्या जमिनीसाठी झालेली आहे, भात, काजू किंवा पोफळीसाठी नाही. २१ ऑक्टोबर २०२२ च्या अधिसूचनेने केंद्र सरकारने त्याचा वापर कीड नियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित केला. त्यामुळे कोणी सुटे ओतून किंवा बिलाशिवाय देत असेल तर घेऊ नका. गढूळ पाण्यात कालवले तर ते मातीला चिकटून निकामी होते, मग लोक मात्रा वाढवत नेतात.

पॅराक्वाट या तणनाशकावर उतारा नाही. एखादा घोट पोटात गेला तरी फुप्फुसे निकामी होऊन माणूस दगावू शकतो. घरात ते ठेवूच नये.

अंगणातल्या पेव्हरच्या फटीतले गवत मारायला मीठ-व्हिनेगर सांगितले जाते. मीठ पावसाबरोबर माडाच्या आळ्यात आणि विहिरीच्या काठाला जाते. खुरप्याने काढा, किंवा फटीत उकळते पाणी ओता.

विकत घेताना लेबलवर पिकाचे नाव, तणाचे नाव, नोंदणी क्रमांक, बॅच आणि मुदत बघा आणि पक्के बिल घ्या. त्रिकोणाचा रंग लाल म्हणजे अतिजहाल, पिवळा म्हणजे फार विषारी, निळा मध्यम, हिरवा त्याहून सौम्य. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे. अनवाणी चिखलात उतरून फवारू नका, गमबूट, हातमोजे आणि चष्मा घाला, वारा पाठीवर घेऊन मागे सरकत चला. हुर्राकच्या किंवा सोड्याच्या बाटलीत औषध कधीही ओतून ठेवू नका, घरात माणसे याच चुकीने दगावतात. डोळ्यात गेले तर पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याने धुवा. पोटात गेले तर उलटी करवू नका, १०८ ला फोन करा आणि रुग्णासोबत बाटली लेबलसकट पाठवा, कारण डॉक्टरांना पहिल्यांदा औषधाचे नाव लागते. रिकामी बाटली तीनदा खळखळून ते पाणी फवारणीच्या पंपातच ओता, मग तळाला भोके पाडा.