भयकथेचं कॉमिक: आधी पान कुठे उलटतं ते ठरवा

सिनेमात दार किती सेकंदांनी उघडायचं हे दिग्दर्शक ठरवतो. मालिकेत ऐन मोक्याला ब्रेक घेतला की प्रेक्षक खिळून राहतो. कॉमिकमध्ये मात्र वेळ वाचकाच्या हातात असतो आणि त्याची नजर भलतीच आगाऊ असते. समोरासमोरची दोन्ही पानं ती एकदमच टिपते. उजव्या पानाच्या तळाशी भूत काढलंत, तर डावं पान वाचायच्या आधीच ते दिसून गेलेलं असतं. काही लपवायचं तर जागा एकच, न उलटलेल्या पानामागे. म्हणून गोष्ट सुचली की संवाद लिहायला बसू नका, आधी कोरी डमी करा.

ए-फोरचे दोन कागद एकात एक ठेवून मधोमध दुमडा. ए-फाइव्ह आकाराची आठ पानं मिळतात. त्यावर १ ते ८ आकडे घाला आणि बाहेरून तिसरा, जरा जाड कागद मुखपृष्ठ म्हणून लावा. हा तिसरा कागद वाचवायचा मोह टाळा. तो नसेल तर आठवं पान मलपृष्ठ होतं, आणि पुस्तिका हातात घेणारा सवयीने ती उलटीपालटी करून शेवट आधीच बघतो. मलपृष्ठाची आतली बाजू कोरी सोडा.

आता पान उलटतं १ वरून २, ३ वरून ४, ५ वरून ६ आणि ७ वरून ८ असं, म्हणजे चार वेळा. विषम पानाची शेवटची चौकट म्हणजे प्रश्न, सम पानाची पहिली चौकट म्हणजे उत्तर. जपानी मांगा, म्हणजे तिथली कॉमिक्स, उजवीकडून डावीकडे वाचतात, त्यामुळे त्यांचा धक्का पान उलटल्यावर उजव्या पानावर येतो. ती मांडणी जशीच्या तशी उचलली की मराठीत धक्का चुकीच्या पानावर पडतो. आपला धक्का डाव्या पानावर.

समजा, गोष्ट चाळीच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीची आहे. पान १: रात्री नळ कोरडा, वरून ठक ठक आवाज. पान २ वर साधं कारण निघतं, वाऱ्याने पत्रा वाजतोय. पहिलं उत्तर मुद्दाम फुसकं ठेवा, म्हणजे वाचक सैलावतो. पान ३ च्या शेवटी माणसाचा हात टाकीच्या झाकणावर. पान ४: टाकी ठणठणीत कोरडी, पण काठावरून बाहेर उतरलेली ओली पावलं. पान ५: पावलं जिन्याने खाली, शेवटच्या चौकटीत त्याच्याच घराचं दार किलकिलं. पान ६: पावलं आत गेलेली, परतीची नाहीत. पान ७ वर तो अंथरुणं मोजतो. घरात त्याच्याशिवाय दोघं, पांघरलेल्या गोधड्या मात्र तीन. तिसरीचं टोक तो उचलतो. पान ८ वर अख्ख्या पानाचं एकच चित्र: गोधडीखाली तो स्वतः, ओलाचिंब, डोळे मिटलेले.

यात ३, ५ आणि ७ ही पानं शांत ठेवायची. तिथे मोठा काळा भाग किंवा मोठी चौकट आली की नजर थेट तिकडे उडी मारते आणि डावं पान वाया जातं. नेहमीच्या पानावर पाच-सहा चौकटी पुरतात. भीती चढवायची असेल तर एकाच कोनातून लागोपाठ तीन सारख्या चौकटी काढा आणि तिसरीत एकच वस्तू हलवा. पान ७ वर हेच करा: अंथरुणांच्या तीन चौकटी, तिसरीत गोधडीची एक घडी वेगळी. घाबरलेला चेहरा उलटायच्या आधी, ज्याला घाबरला ती गोष्ट उलटल्यानंतर. दोन्ही एकाच पानावर आले की धार गेली.

मजकुराची जागा चित्राआधी ठरते. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत ईसी कॉमिक्स या प्रकाशनाच्या भयकथा सात-आठ पानांतच आटपत आणि चित्रकाराकडे कागद जायचा तो आधीच मजकूर लिहून झालेला. त्यांचं निवेदन फार लांबलचक असे, ते घेऊ नका, पद्धत घ्या. देवनागरीला वर वेलांट्या, खाली उकार, त्यामुळे दोन ओळींत अंतर जास्त लागतं. ते कमी पडलं तर वरच्या ओळीचा ‘मू’ खालच्या ओळीच्या रफारात घुसतो. ए-फोरवर काढून ए-फाइव्हला छोटं करणार असाल तर आकार ७१ टक्के होतो. १२ पॉइंटचं अक्षर साडेआठ पॉइंटवर येतं. त्याखाली जाऊ नका. संवादाच्या एका फुग्यात फार तर वीस शब्द. जोडाक्षरं सुटी पडत असतील तर सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची सोय चालू आहे का बघा, आणि छापायला देताना अक्षरांचं आउटलाइनमध्ये, म्हणजे फाँटवर अवलंबून नसलेल्या आकारांत, रूपांतर करा.

आवाज मात्र हातानेच लिहा. ‘करर्रऽऽ’ची शिरोरेषा दाराबरोबर तिरकी होऊ द्या, ‘टप’ची तुटू द्या. छापील फाँटमधला ‘धाडकन’ ऐकूच येत नाही. शेवटच्या पानावर आवाज नको, निवेदनही नको.

छपाईत काळ्या रंगाने दगा दिला की सगळी मेहनत फुकट. साध्या झेरॉक्स मशीनवर मोठा भरीव काळा भाग मधोमध पांढुरका येतो, आणि घडीवर आला तर टोनरचे पोपडे निघतात. घडीच्या दोन्ही बाजूंना १० मिलिमीटर काळं टाळा. पातळ कागदावर अंधार पलीकडे दिसतो, म्हणजे ८ वरचा माणूस ७ वरच उमटतो; तेव्हा १०० जीएसएम (चौरस मीटरला १०० ग्रॅम) जाडीचा मॅपलिथो, म्हणजे छपाईचा साधा पांढरा कागद घ्या. पानांची जुळणी अशी: पहिल्या कागदावर ८ आणि १, मागे २ आणि ७, दुसऱ्यावर ६ आणि ३, मागे ४ आणि ५. दोन्ही बाजूंच्या छपाईत ‘शॉर्ट एज’ (कागद छोट्या कडेवर उलटणं) निवडा, नाहीतर मागची पानं उलटी येतात. सगळ्या प्रती काढण्याआधी एकच प्रत काढून, पिना मारून, गोष्ट माहीत नसलेल्या कुणाला तरी द्या आणि ७ वरून ८ कडे जाताना हात थांबतो का तेवढं बघा. थांबत नसेल तर पान ७ ची शेवटची चौकट बदला, आठव्याला हात लावू नका.