किनिकला मॅच बघताय? पहिला क्वार्टर संपताना उठू नका
अमेरिकेतलं कॉलेज फुटबॉल टीव्हीवर जाहिरातींमुळे फार रेंगाळतं. मैदानात त्याच वेळात बँड दणक्यात वाजत असतो. आयोवा सिटीच्या किनिक स्टेडियमला जाणार असाल, तर खायला आणायचं ते आधीच आणा. पहिला क्वार्टर, म्हणजे मॅचचा पहिला चौथा भाग, संपला की अख्खं स्टेडियम शेजारच्या मुलांच्या हॉस्पिटलकडे वळून हात हलवतं आणि वरच्या मजल्यावरून पोरंही हात हलवतात. २०१७ पासूनची ही प्रथा. नुसती त्यासाठीसुद्धा मॅच बघावी, स्कोअर काही का असेना!

बाकी तयारी किरकोळ. पिशवी पारदर्शकच न्या, साधी सॅक बहुतेक स्टेडियमांच्या गेटवरच अडवतात. नोव्हेंबरात बाकावर टाकायला जाड चादरीची घडी हवी. स्वेटर दोन, पुण्याच्या थंडीचा अंदाज तिथे कामाचा नाही.