मुलांचं फँटसी पुस्तक देवाच्या विरोधात आहे का, हे कसं तपासावं

पुस्तक स्वतः वाचा, आणि पूर्ण वाचा. तेवढा वेळ नसेल तर मुलाच्या हातातून ते काढूनही घेऊ नका. मुंबईतल्या आमच्या मराठी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मी पंधरा वर्षं शब्बाथशाळा, म्हणजे मुलांचा बायबलचा वर्ग, घेते. 'ही पुस्तकं घरात नकोत' अशा याद्या पालक मला सतत पाठवत असतात. यादीतलं कुठलं पुस्तक वाचलंत, असं विचारलं की बहुतेक जण गप्प होतात.

जादू, चेटकिणी, बोलणारे प्राणी मोजत बसू नका. जादू असणं वेगळं आणि देवाला नाकारणं वेगळं. हॅरी पॉटरच्या २००७ साली आलेल्या शेवटच्या भागात दोन थडग्यांवर बायबलच्या नव्या करारातली वचनं कोरलेली आहेत, मत्तय ६:२१ आणि १ करिंथ १५:२६. संदर्भ दिलेला नाही, त्यामुळे ज्याच्या घरात शास्त्र, म्हणजे बायबल, वाचलं जातं त्या मुलालाच ती ओळखू येतात.

मालिका असेल तर शेवटचा भाग आधी वाचा. सिनेमावरून पुस्तकाचं मत ठरवू नका.

आता खरी अवघड पायरी. इथे मी स्वतः चुकले होते, म्हणून सविस्तर सांगते.

मुलगी बारा वर्षांची असताना तिने ब्रिटिश लेखक फिलिप पुलमन यांच्या 'हिज डार्क मटेरियल्स' या तीन भागांच्या फँटसी मालिकेचा पहिला भाग आणला. मी साठेक पानं चाळली. 'मॅजिस्टेरियम' नावाची जुलमी धर्मसत्ता दिसली आणि पुस्तक माळ्यावर टाकलं. दोन वर्षांनी तिची गादी उचलताना तिसरा भाग सापडला. मैत्रिणीकडून घेऊन तिने तिन्ही भाग संपवले होते, आणि त्यातलं एक अक्षरही माझ्याशी बोलली नव्हती. बोलायचं म्हणजे आधी वाचल्याची कबुली द्यावी लागली असती. पुस्तक अडवून मी फक्त तिचे प्रश्न अडवले होते.

मग मी तिन्ही भाग नीट वाचले. पहिल्या भागातले क्रूर धर्माधिकारी पाहून मी उगाच घाबरले होते. वाईट याजक शास्त्रातही आहेत. एली याजकाच्या मुलांचा चाकर अर्पणाच्या शिजत्या मांसात तीन दातांचा काटा खुपसे आणि काट्याला येईल ते सगळं याजक घेत, हे १ शमुवेल २ मध्ये आहे. यहेज्केल ३४ आणि मत्तय २३ तर याहून कडक आहेत. धर्माच्या नावावर जुलूम करणाऱ्यांना एखादी कथा झोडपत असेल, तर ते काम संदेष्ट्यांनी तिच्या कितीतरी आधी केलं आहे.

तिसरा भाग मात्र वेगळा आहे. तिथे ज्याला सगळे देव समजतात, तो फक्त पहिला देवदूत निघतो. तुम्हाला मी निर्माण केलं, असं तो इतरांना खोटंच सांगत आलेला असतो. शेवटी तो जर्जर म्हातारा स्फटिकाच्या पेटीतून बाहेर येतो आणि वाऱ्यात विरून जातो. ही टीका पाळकांवर, म्हणजे धर्मगुरूंवर नाही, निर्माणकर्त्यावर आहे. तेव्हा वाचताना एकच पाहा: शेवटी कथा कोणाचं म्हणणं खरं ठरवते? खलनायक काय बोलतो त्याला महत्त्व देऊ नका.

मुलीने पेन्सिलीने खूण केली असेल तर याच पानावर, असं मला वाटलं. तिथे काहीच नव्हतं. खूण सापडली बऱ्याच पुढे. मेरी मलोन नावाची बाई, जी पूर्वी नन होती, मुलांना आपली श्रद्धा कशी गेली ते सांगते. परदेशात जेवताना मार्झिपानची, म्हणजे बदामाच्या मिठाईची, चव जिभेवर येते, बाराव्या वर्षीचं प्रेम आठवतं, आणि हा आनंद सोडून आपण कोणासाठी जगतोय, असा प्रश्न तिला पडतो. ती प्रेमळ आहे, शांतपणे बोलते, कोणाला शिव्या देत नाही. म्हणूनच ते पान मुलाच्या मनात उतरतं. आरडाओरडीची पानं मुलं विसरतात. तुम्ही अशी शांत, गोड पानं शोधा.

माझ्या मुलीचा प्रश्न देव मरतो का, हा नव्हताच. आनंद हवा असेल तर विश्वास सोडावा लागतो का, असं तिला विचारायचं होतं. शिवाजी पार्कला दोन फेऱ्या झाल्यावर तिने ते विचारलं. मी लगेच उत्तर दिलं नाही. घरी येऊन आम्ही योहान २ काढलं. काना गावचं लग्न, संपलेला द्राक्षारस, सहा दगडी रांजण. प्रभू येशूने पहिलं चिन्ह, म्हणजे पाण्याचा द्राक्षारस करण्याचा चमत्कार, लग्नघरात केलं, ते तिने मोठ्याने वाचलं आणि मग बराच वेळ आम्ही त्यावर बोललो. तिला सगळं पटलं असं नाही.

बोलायला बसताना आजी-आजोबा, काका-मामा समोर नकोत. पाळकसाहेबांकडे लगेच धावू नका, मुलाला वाटतं आपली तक्रार केली. त्या लेखकालाही घाबरू नका. २००४ साली इंग्लंडच्या चर्चचे सर्वांत वरिष्ठ धर्मगुरू, कँटरबरीचे तेव्हाचे आर्चबिशप रोवन विल्यम्स लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये पुलमन यांच्याशी समोरासमोर चर्चेला बसले होते.

वयाबद्दल माझं मत पक्कं आहे: तिसरा भाग चौदाच्या आत नको, आणि त्यानंतरही आधी तुम्ही वाचायचा. वाचताना तुमच्याही खुणा पेन्सिलीने करा आणि पुस्तक त्या खुणांसकट मुलाच्या हातात द्या.